जाजम झटकायला चार माणसं

नातेवाइकांच्या ग्रुपवर परवा एक यादी फिरत फिरत आली. 'गालिच्याची निगा : दहा सोपे उपाय.' (पूर्वी याला आम्ही ढकलपत्र म्हणायचो, आता फॉरवर्ड म्हणतात. ढकलाढकली तीच.) आठवड्यातून दोनदा व्हॅक्यूम क्लीनर फिरवा, काही सांडलं तर चोळू नका, टिपून घ्या, सहा महिन्यांनी गालिचा फिरवून घाला, वर्षातून एकदा धुलाईवाल्याकडे द्या, वगैरे वगैरे. उपाय सगळे बरोबर आहेत. पुण्याच्या बहिणीने लगेच अंगठा दाखवला. न्यू जर्सीच्या भावाने 'व्हेरी यूजफुल' म्हटलं. वेळणेश्वरच्या काकूने दोन दिवसांनी, शेजारच्या मुलाकडून टाइप करून घेऊन, एवढंच कळवलं : "आपल्या जाजमाचं काय करायचं ते पण कुणीतरी लिहा."

त्यावर ग्रुप शांत. म्हणून म्हटलं, आपणच लिहावं.

तर मंडळी, कोकणातल्या जुन्या घरात गालिचा नसतो. का नसतो ते पुढे येईलच. असते ती सतरंजी, चटई, घोंगडी, आणि ज्या घरात कधीकाळी माणसं भरपूर होती तिथे एखादं जाजम. सतरंजी हा शब्द फारसीतल्या शतरंजवरून आला असं सांगतात, बुद्धिबळाच्या पटासारखे चौकोन असलेलं अंथरूण ते. आपण मराठीत त्याचे चौकोन पुसून पट्टे केले आणि नाव तसंच ठेवलं. जाजम म्हणजे मोठी बैठक. लग्नामुंजीला, कीर्तनाला, गणपतीच्या आरतीला घालायची. 'एका जाजमावर बसणं' हा वाक्प्रचार आता फक्त पेपरात, पक्षांच्या बैठकांपुरता उरलाय, पण मुळात ती खरोखरची गोष्ट होती. भावकीतली भांडणं मिटवायला सुद्धा जाजमच घालावं लागायचं.

आमचं जाजम बारा फूट रुंद आणि अठरा फूट लांब आहे. सुती, निळ्या आणि तांबड्या पट्ट्यांचं, कडेला पांढरी रेघ. आजोबांच्या धाकट्या बहिणीच्या लग्नासाठी चिपळूणहून बैलगाडीने आणलं असं घरात सांगतात. कुठल्या मागावर विणलं ते कुणाला ठाऊक नाही. तेव्हा सतरंज्या बऱ्याच ठिकाणांहून येत. सोलापूरचे माग होते. धारवाडकडच्या नवलगुंदचे जमखाने होते, ते बायका घरात उभ्या मागावर अजून विणतात. तुरुंगातले माग होते. येरवड्याच्या तुरुंगात कैदी सतरंज्या आणि गालिचे विणत, आणि त्या कामाला चांगलं नाव होतं. आमचं यातलं कुठलं, कोण जाणे. कोरडं असताना दोन जणांना कसंबसं उचलतं, भिजलं की चौघांना घाम फोडतं.

या जाजमाची निगा हा काकूचा गेली पन्नास वर्षं सांभाळलेला विषय आहे. त्यातलं जे तिच्याकडून ऐकलं, पाहिलं, आणि नंतर त्याचं कारण शोधलं, ते इथे लिहिते.

कोकण किनाऱ्यावरच्या अंथरुणाला चार शत्रू. वाळू, मीठ, दमटपणा आणि किडे. शहरातल्या यादीत धूळ आणि डाग एवढेच असतात.

वेळणेश्वरचा किनारा तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी पाहिला असेल. कोयत्यासारखा वळलेला, माडांची रांग, मागे देऊळ. देवळात येणारे, भक्तनिवासात उतरणारे, समुद्रावर जाऊन येणारे, सगळ्यांच्या पायाला वाळू असतेच. घरात पायरीशी पाय धुतले तरी चार कण आत येतातच. ही वाळू जाजमाच्या वर राहत नाही, विणीत शिरून तळाशी बसते. वरून जाजम स्वच्छ दिसतं. पण माणूस चालला की तळाचा कण सुताला घासतो. वर्षानुवर्षं घासून घासून सूत तुटतं आणि आपण म्हणतो, जाजम विरलं. ते विरत नाही, आतून कापलं जातं. म्हणून काकूचा पहिला नियम असा की झटकायचं ते पालथं करून. उलट्या बाजूने काठीने झोडपायचं म्हणजे वाळू ज्या वाटेने आत गेली त्या वाटेने बाहेर पडते. सुलट्या बाजूने झोडपलं तर ती आणखी खोल जाते. आणि हे सगळं पाणी लावायच्या आधी. वाळू-माती आत असताना भिजवलं तर चिखल होतो आणि तो सुताला धरून बसतो.

दुसरा शत्रू मीठ. समुद्रावरून येणारा वारा मिठाचे बारीक कण घेऊन येतो. आमच्याकडे खिडक्यांचे गज आणि दाराच्या कड्या का गंजतात ते सगळ्यांना माहीत आहे, पण तेच मीठ कापडातही बसतं हे लक्षात येत नाही. हवेतली आर्द्रता पंचाहत्तर टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतलं पाणी ओढून घेतं आणि स्वतःच विरघळायला लागतं. पावसाळाभर किनाऱ्यावरची हवा बहुतेक वेळ त्याच्या वरच असते. म्हणजे मीठ बसलेलं जाजम तुम्ही कितीही वाळवा, पाऊस सुरू झाला की ते स्वतःहून ओलं होणार. त्यासाठी पावसाच्या आधी एकदा ते विहिरीच्या गोड्या पाण्यातून काढावंच लागतं. साबण नसला तरी चालेल, पाणी गोडं हवं.

हे कळल्यावर मला फिनलंडची एक गोष्ट वाचून मोठी गंमत वाटली होती. तिकडे बायका जुन्या कपड्यांच्या चिंध्यांपासून विणलेल्या सतरंज्या उन्हाळ्यात समुद्रकाठी नेऊन धुतात. हेलसिंकीसारख्या शहरात त्यासाठी खास लाकडी धक्के बांधलेले आहेत, तिथे मोठी मेजं, पिळायची यंत्रं, वाळत घालायच्या दांड्या. पाइनच्या तेलापासून केलेला साबण लावायचा, ब्रशने घासायचं, शेजारणीशी गप्पा मारायच्या. (साबणाचं पाणी समुद्रात जाऊ नये म्हणून अलीकडे पुष्कळ धक्के जमिनीवर हलवले आहेत.) मी काकूला हे सांगितलं तर ती म्हणाली, "समुद्रात? वेड लागलंय का त्यांना?" पण त्यांना वेड लागलेलं नाही. तिकडचा बाल्टिक समुद्र जवळजवळ गोडाच आहे, एका लिटरला जेमतेम पाच-सहा ग्रॅम मीठ. आपल्या अरबी समुद्रात पस्तीसच्या पुढे. शहाणपण तेच, पाणी वेगळं.

धुण्याचा दिवस चैत्र-वैशाखातला. त्याच्या आदल्या दिवशी रिठे फोडून गरम पाण्यात भिजत घालायचे. जाजम खळ्यात पालथं पसरून झोडपायचं, मग माडाच्या हिरांच्या केरसुणीने झाडायचं. एका कोपऱ्यावर ओलं पांढरं फडकं दाबून बघायचं, रंग उतरतोय का. उतरत असेल तर त्या पट्ट्याला भिजत ठेवायचं नाही. मग पाणी ओतून रिठ्याचा फेस केरसुणीने पट्ट्यांच्या दिशेनेच फिरवायचा, आडवा नाही. धुऊन झालं की फेस पूर्ण जाईपर्यंत पाणी. इथे विहिरीवरचा पंप आल्यापासून सुख झालंय, आधी रहाटाने काढायचे. आणि मग सगळ्यात कठीण काम : पिळणं. बारा फुटी ओलं जाजम पिळता येत नाही. ते चौघांनी चार कोपरे धरून आधी दुमडायचं, दोन टोकांना दोघा-दोघांनी उभं राहून पीळ द्यायचा, आणि मग बांबूच्या दोन दांड्यांवर टाकायचं. एकाच दांडीवर टाकलं तर ओल्या वजनाने मधोमध ताण येतो आणि जाजम वाकडं होतं. ऊन दोन्ही बाजूंनी, किमान दोन पूर्ण दिवस. तिसऱ्या दिवशी हाताला कोरडं लागलं तरी घडीच्या आत हात घालून बघायचं. गार लागलं तर अजून ओलं आहे.

डागांचा तर आमच्याकडे वेगळाच ग्रंथ आहे. शहरात कॉफी आणि वाइन, इथे फणस आणि काजू. फणसाचा चीक पाण्याने जात नाही, उलट पसरतो. त्याला आधी खोबरेल चोळायचं, चीक सुटला की मग तेल साबणाने काढायचं. काजूच्या बोंडाच्या रसाचा डाग मात्र जात नाही. सुरुवातीला काहीच दिसत नाही, नंतर तो तपकिरी होऊन उगवतो, आणि मग तो घरातला मेंबरच. आमच्या जाजमावर असे तीन मेंबर आहेत, आणि ते कुणी सांडले यावर अजून वाद आहेत. जांभ्याची तांबडी माती लागली तर हात लावायचा नाही. सुकू द्यायची आणि मग झटकायची. त्यातला तांबडेपणा लोखंडाच्या गंजाचा असतो, ब्लीचने तो जात नाही, सूत मात्र जातं.

आणि हळद! हळदीकुंकवाच्या दिवशी जाजमावर हळद सांडणारच. त्यावर साबण लावला की डाग लालभडक होतो आणि नवी सून घाबरते. हळदीला क्षार लागला की ती लाल होते, कुंकू पूर्वी असंच करत. धुऊन क्षार गेला की परत पिवळी. तिचं खरं औषध ऊन. हळदीचा रंग उन्हात टिकत नाही. पाण्याने धुऊन डाग वर करून दोन-तीन दिवस उन्हात टाकायचा, बहुतेक जातो. ज्यांच्याकडे ऊन आहे त्यांनी हळदीच्या डागाला भिऊ नये. ज्यांच्याकडे नाही, त्यांचं पुढे सांगते.

पावसाळ्याचे चार महिने म्हणजे परीक्षा. रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो, आणि बहुतेक सगळा या चार महिन्यांत. जाजम घडी करून ठेवायचं नाही, बांबूभोवती गुंडाळायचं. घडीच्या ठिकाणी सूत मोडतं, आणि घडीतच बुरशी धरते. गुंडाळीत वेखंडाचे तुकडे आणि सुकवलेला कडुलिंब, वरून जुनं धुतलेलं सुती लुगडं. प्लास्टिक अजिबात नाही, आतली ओल बाहेर पडायला वाट हवी. मग ती गुंडाळी माळ्यावर, भिंतीपासून हातभर दूर. भिंतीला टेकली की वाळवी आलीच.

पूर्वी माळ्याखाली चूल होती. दिवसातून दोन वेळा धूर वर जायचा, माळा कोरडा राहायचा, किडे फिरकत नसत. गॅस आला आणि काकूचे डोळे वाचले, फुप्फुसं वाचली. ती सांगते की गॅस आला त्या दिवशी तिने देवाला नारळ दिला होता. पण माळ्याला लागलेली बुरशी त्यानंतरची आहे. खाली शेणाने सारवलेली जमीन होती, ती ओल शोषून घ्यायची. आता फरशी आहे. पावसाळ्यात गार फरशीवर दमट हवा लागली की तिला पाणी सुटतं, आणि जे काही अंथरलंय त्याची खालची बाजू आपल्या नकळत भिजत राहते. फरशी पुसायला सोपी, गुडघ्यांवर बसून सारवायला लागत नाही. परत शेण कुणाला हवंय? मलाही नको. फक्त हे लक्षात ठेवायचं की पूर्वी घर जाजमाची जी अर्धी निगा फुकटात राखत होतं, ती आता माणसाला राखावी लागते. आणि तीसुद्धा नेमकी माणसं कमी झाल्यावर.

कोकणात गालिचा का नसतो ते आता सांगते. गालिचा लोकरीचा. लोकर म्हणजे केसच, आणि केस खाऊन जगणारे किडे असतात. कापडातल्या पतंगाच्या आणि गालिच्यातल्या भुंगेऱ्याच्या अळ्या लोकर खातात, सुती कापडाला सहसा तोंड लावत नाहीत. सुताला कसर लागते ती मुख्यतः त्यातल्या खळीसाठी. आमच्या एका हौशी आत्तेभावाने काकूला एक उत्तम लोकरी गालिचा भेट दिला होता. दोन पावसाळ्यांनंतर त्यातल्या मोराचं डोकं नव्हतं, तिसऱ्यानंतर मोर नव्हता. जाजमाला त्याच माळ्यावर काही झालं नाही.

आता मुद्द्याकडे येते. वरचं सगळं पुन्हा वाचलंत तर एक गोष्ट दिसेल. या सगळ्यात फारसा पैसा कुठेच लागत नाही. लागतात ते हात. झटकायला चार, पिळायला चार, माळ्यावर चढवायला तीन. जाजम विणलं गेलं तेव्हा घरात किती माणसं बसणार याचा हिशोब होता, आणि जेवढी बसणार त्यातली चार तरी उचलायला मिळणारच, हे गृहीत होतं. मोठ्या अंथरुणाचं गणितच तसं असतं. इंग्लंडच्या राजघराण्याच्या विंडसरच्या वाड्यात वॉटर्लू चेंबर नावाचं दालन आहे, तिथला प्रचंड गालिचा आपल्या आग्र्याच्या तुरुंगातल्या कैद्यांनी विणलेला, १८९४ साली पुरा झालेला. कुठेही जोड नाही आणि वजन दोन टन. १९९२ साली त्या वाड्याला आग लागली तेव्हा तो गुंडाळून बाहेर काढायला पन्नासेक सैनिक लागले. राणीकडे पन्नास सैनिक होते. आमच्या वाडीत संध्याकाळी दिवा लागणारी घरंच हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी आहेत.

इराणात काशानजवळ मशहद-ए-अर्देहाल नावाचं गाव आहे. तिथे दर वर्षी शरद ऋतूच्या सुरुवातीला हजारो माणसं जमतात आणि एका संताच्या स्मरणार्थ एक गालिचा ओढ्यावर नेऊन धुतात. २०१२ साली युनेस्कोने या प्रथेला अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतलं. एक गालिचा आणि हजारो माणसं! आपल्याकडे महाशिवरात्रीच्या उत्सवात कीर्तनाला आमचं जाजम देवळात जायचं, असं काकू सांगते. परत यायचं तेव्हा नेणारेच झटकून, गुंडाळून आणून द्यायचे. आता मांडववाल्याची हिरवी मॅट येते, खुर्च्या येतात. आणि म्हाताऱ्यांना खाली बसवत नाही हेही खरंच, त्यात उसासे टाकण्यासारखं काही नाही.

हातांची उणीव यंत्राने भरून काढायची हा जगाने काढलेला तोडगा. १९०१ साली ह्युबर्ट बूथ नावाच्या इंग्रज इंजिनिअरने धूळ ओढून घेणारं यंत्र केलं. ते एवढं अवाढव्य होतं की घोडागाडीवरून यायचं, रस्त्यात उभं राहायचं आणि त्याच्या नळ्या खिडकीतून घरात जायच्या. १९०२ च्या राज्यारोहणाच्या वेळी वेस्टमिन्स्टर अ‍ॅबेतले गालिचे त्यानेच साफ केले. तिथून ते आकसत आकसत एकट्या बाईच्या हातात आलं, आणि त्याबरोबर गालिचाही बदलला. तो उचलायचाच नाही, तर जमिनीला कायमचा चिकटवायचा. न्यू जर्सीचा माझा भाऊ अशाच घरात राहायचा. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत बदामी रंगाचा गालिचा, आणि त्यावर एक दिवस वरणाचं पातेलं. किराणा दुकानातून भाड्याने धुलाईचं यंत्र आणलं, साबणाचं पाणी फवारलं, पिवळा डाग लाल झाला, वहिनी घाबरली. (वर सांगितलंच आहे.) खोबरेल होतं, रिठ्याची पूड होती, पण गालिचा उन्हात नेता येत नव्हता. घर सोडताना मालकाने अनामत रकमेतून भरपूर पैसे कापून घेतले. त्यांच्या घरी यंत्र आहे आणि ऊन नाही, काकूच्या घरी ऊन आहे आणि माणसं नाहीत.

यंत्राच्या बाजूने एक गोष्ट सांगायला हवी. धुळीतले अगदी बारीक किडे, जे डोळ्यांना दिसत नाहीत पण दमेकऱ्यांना छळतात, ते दमट हवेत वाढतात, आणि जुन्या अंथरुणात त्यांचं राज्य असतं. काठीने झोडपलं की ती सगळी धूळ झोडपणाऱ्याच्या नाकात जाते. काकूला गेली तीन-चार वर्षं धाप लागते. डॉक्टरांनी तिला सांगितलंय की जाजम झोडपायचं नाही. ती नाकाला पदर बांधून झोडपते.

२२ जुलै २०२१ ला चिपळूणला पूर आला तो तुम्हाला आठवत असेल. वाशिष्ठीचं पाणी बाजारपेठेत पहिल्या मजल्याला टेकलं होतं. आमची मावशी तिथलीच. पाणी ओसरल्यावर रस्त्यांच्या कडेला गाद्या, सोफे, गालिचे यांचे डोंगर लागले होते. फोम भिजला की फेकायचाच. चिकट पाठीचे नव्या तऱ्हेचे गालिचे फेकायचेच, कारण चिखल पाठीच्या आणि धाग्याच्या मध्ये जाऊन बसतो आणि तिथे हात पोचत नाही. मावशीकडची जुनी सुती सतरंजी मात्र वाचली. तिला पाठ नाही, फोम नाही, गोंद नाही. पाणी एकीकडून शिरतं आणि दुसरीकडून निघतं. गोड्या पाण्याने पाच-सहा वेळा काढली, पुराच्या चिखलात काय काय असतं म्हणून ब्लीचिंग पावडरच्या पाण्यात बुडवली (रंग फिका झाला, होऊ दे), आणि भर पावसात छपराखाली पंखा लावून आठ दिवस वाळवली. त्या कामाला बाहेरगावाहून आलेली कॉलेजची मुलं होती. मावशी एकटी असती तर तीही डोंगरावरच गेली असती.

आता काकूच्या प्रश्नाकडे. काकू अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे. काका जाऊन नऊ वर्षं झाली. चैत्र-वैशाखात, नेमकं धुण्याच्या दिवसांत, वाडीतला प्रत्येक माणूस आंब्याच्या बागेत असतो. मजुरी देऊनसुद्धा चार माणसं एका दिवशी मिळत नाहीत. परिणामी गेली दोन वर्षं जाजम धुतलेलंच नाही. माळ्यावरून खाली आलं नाही, वास येतोय, एका टोकाला काळे ठिपके आलेत. काकूचं म्हणणं सरळ होतं : जाजम कापून चार तुकडे करू. सहा बाय नऊचा एक तुकडा ती आणि शेजारच्या वहिनी मिळून धुवू शकतील.

यावर ग्रुप जागा झाला. आजोबांचं जाजम कापायचं? घराण्याची वस्तू, जपायला हवी, एखाद्या संग्रहालयाला देऊ, काचेच्या चौकटीत लावू. मला या प्रेमाबद्दल शंका नाही. पण जपणं म्हणजे काय हे वर दोन हजार शब्दांत लिहिलंय, आणि त्यातलं एकही काम फोनवरून होत नाही. ज्याला कापायला नको आहे त्याने चैत्रात येऊन एक कोपरा धरावा. चौघांनी 'नको' म्हटलंय, कोपरे चारच आहेत. हिशोब बरोबर बसतो. :-)

पण झालं वेगळंच. मी फेब्रुवारीत गेले तेव्हा कुठून कापायचं ते बघायला म्हणून ओटीवर अर्धं उलगडलं. कापायचं तर आधी रेषेच्या दोन्ही बाजूंना टीप घालावी लागते, नाहीतर ताणा उसवत जातो. काकू पालथ्या बाजूने बोट फिरवत होती आणि मधोमध थांबली. म्हणाली, "अगो, हे बघ." निळ्या पट्ट्याच्या बरोबर मध्ये, अठरा फूट लांब, हाताने घातलेली शिवण होती. निळ्याच सुताने, इतकी घट्ट की सुलट्या बाजूने कुणाला कधी दिसलीच नव्हती. जाजम मुळात एक नव्हतंच. विणकराचा माग सहा फुटांचा होता, त्याने दोन पट्ट्या विणल्या आणि जोडल्या. पन्नास वर्षं ते झटकणाऱ्या काकूलाही हे ठाऊक नव्हतं, कारण पालथं ते नेहमी खळ्यातल्या धुळीत व्हायचं आणि प्रत्येक जण आपला कोपरा धरून उभा असायचा.

शिवण उसवायला आम्हा दोघींना एक दुपार लागली. काकूने सुताचा तुकडाही टाकला नाही, सगळं रिळावर गुंडाळून ठेवलं. ग्रुपवर कळवलं, 'कापलं नाही, उसवलं आहे.' यावर कुणाचीच हरकत आली नाही. (कापणं आणि उसवणं यात घराण्याला फार मोठा फरक वाटतो, हे मला नव्याने समजलं.)

दोन पट्ट्यांचा हिशोब असा आहे. एक पट्टी कोरडी असताना दोघींना उचलते. ओली पिळायला तिसरा माणूस लागतो, पण तो तासभर मिळाला तरी पुरतो. काळे ठिपके आलेली पट्टी काकूने आणि शेजारच्या वहिनींनी पाडव्यानंतर धुतली, झोडपायचं काम वहिनींच्या मुलाने केलं. ठिपके सगळे गेले नाहीत. बुरशीने सूत खाल्लंय तिथे हाताला पातळ लागतं, तिथे जुन्या लुगड्याचं अस्तर लावून गोधडीचे टाके घातलेत. दुसरी पट्टी अजून माळ्यावर आहे. ती यंदा पावसाआधी निघाली नाही तर पहिलीच्याच वाटेने जाईल.

आणि तीही निघाली तर मग ठरवायचं, दोन पट्ट्या परत जोडायच्या की तशाच ठेवायच्या. काकूचं मत तशाच ठेवाव्यात असं आहे. गणपतीत शेजारी शेजारी घालता येतील, एरवी एक पुरते. माझंही तेच मत. पण रीळ तिने फडताळात ठेवलंय, दाभणासकट.

तेव्हा मंडळी, मेच्या दुसऱ्या आठवड्यात कुणाला जमणार आहे ते कळवा. तीन माणसं हवीत, त्यातली एक मी. रिठे काकूकडे आहेत. येताना धुळीचे मास्क आणा, आणि काकूसाठीही एक, तिच्या मापाचा.